आधी धरण तपासा, मग त्यावर जास्त पाणी चढवा : आमच्या धरणाची जबाबदारी असलेल्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या धरणाची मालकी, देखभाल आणि पाणीवाटप ज्यांच्याकडे आहे ते सर्व अधिकारी,
तसंच आम्ही निवडून दिलेले लोकप्रतिनिधी

साहेब, नमस्कार.

आपण नुकताच एक निर्णय जाहीर केलात. शहराची पाण्याची गरज वाढलीय, नवीन धरणाला जागा नाही आणि पैसाही नाही, म्हणून आहे त्याच धरणाच्या सांडव्यावर, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या जागेवर, अर्धा मीटर उंचीची काँक्रीटची भिंत चढवायची आणि तेवढं जास्तीचं पाणी साठवायचं, आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत उरकायचं. त्या प्रसिद्धीपत्रकाच्या शेवटी एक ओळ होती, धरण पूर्णपणे सुरक्षित आहे, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. ती ओळ वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. कारण गळतीच्या ज्या तक्रारी आल्या त्या आमच्या वस्तीतूनच आल्या, त्यावर सह्या आमच्याच आहेत, म्हणजे अफवा पसरवणारे कोण, तर आम्हीच. बरं, धरण सुरक्षित असल्याचं कशावरून ठरलं ते बघू म्हणून तपासणीचा अहवाल मागितला, तर सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही असं लेखी उत्तर मिळालं. धरणाच्या खाली आम्ही राहतो साहेब, त्या सुरक्षेत आम्ही मोजले जातो की नाही?

अर्ज करून झाले, ऑफिसात भेटून झालं, म्हणून आता हे पत्र उघड लिहितेय, जे कोणी हे पाणी पितात आणि जे कोणी या नदीच्या काठावर राहतात त्या सगळ्यांनी वाचावं म्हणून.

माझ्याबद्दल थोडक्यात. धरणाच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर नदीकाठच्या वस्तीत आमचं घर आहे. नळाला पाणी याच धरणाचं येतं. माझे वडील याच धरणावर चौकीदार होते आणि इथूनच रिटायर झाले. मी इंजिनिअर नाही, पण भरावावर कुठे ओल आली, कुठे दगड सरकला, हे रोज घरी आल्यावर बोलणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेय, त्यामुळे पुढे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

आणि आधीच सांगते, हे धरण नको असं आमच्यापैकी कोणीही म्हणत नाहीये. धरण जुनं झालं म्हणजे ते धोकादायकच, असंही म्हणत नाही. मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० सालचा आहे, तानसा १८९२ चा, दोन्ही आजही चालू आहेत. भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं, १९६९ मध्ये तिथे तडे आणि गळती दिसली तेव्हा दुर्लक्ष न करता मजबुतीकरण केलं गेलं, म्हणून ते आज उभं आहे. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत, दोन हजारांच्या वर, आणि त्यातली कित्येक आमच्या धरणाच्याच वयाची, म्हणजे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली. ती सगळी टिकू शकतात, फक्त त्यांच्याकडे बघायला माणूस लागतो आणि त्या माणसाने लिहिलेलं वाचायला साहेब लागतात. आमचं म्हणणं एवढंच आहे की आधी हे धरण नीट तपासा, काय बिघडलंय ते दुरुस्त करा, आणि मग त्याच्यावर जास्त पाणी चढवायचं की नाही ते ठरवा. आपण उलट्या क्रमाने चाललाय.

आता मुद्दे. पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा पाझराचा.

मातीचं धरण पाझरतंच, हे आम्हालाही माहितीय, कृपया ते परत समजावू नका. आत चिकणमातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव, आणि गाभ्यातून जे थोडं थोडं पाणी झिरपतं ते पायथ्याच्या चरात गोळा होऊन एका ठिकाणी बाहेर काढलेलं असतं. तिथे एक लोखंडी पत्रा बसवलाय, त्याला व्ही आकाराची खाच आहे. खाचेतून किती उंचीचं पाणी पडतंय ते शेजारच्या पट्टीवर वाचायचं, त्याच वेळी धरणाची पातळी किती आहे ती लिहायची, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते शेऱ्यात लिहायचं. वडील हे रोज सकाळी करायचे, पावसात डोक्यावर इरलं घेऊनसुद्धा. सगळी मेख या नोंदीत असते. धरणाची पातळी तेवढीच असताना खाचेतलं पाणी आदल्या वर्षीपेक्षा वाढलं तर आत काहीतरी बदललंय, आणि पाणी गढूळ झालं तर धरणाची माती बाहेर येतेय. दोन्ही गोष्टी वरून धरणाकडे बघून कधीच कळत नाहीत, कितीही मोठ्या साहेबांनी बघितलं तरी.

वडील रिटायर झाल्यावर ती जागा भरलीच नाही. आज त्या खाचेची अवस्था काय आहे ते येऊन बघा. चर गाळाने भरलाय, त्यात माणसाच्या कमरेइतकं पाणकणीस उगवलंय, पट्टीवरचे आकडे गंजून गेलेत, आणि पाणी खाचेतून न पडता पत्र्याच्या बाजूने माती पोखरून निघून जातंय. म्हणजे आज जरी कोणी नोंद घ्यायची म्हटली तरी ती घेता येणार नाही. मग गळती नैसर्गिक आहे, नेहमीइतकीच आहे, हे आपण कशाशी ताडून सांगितलंत? नेहमीइतकी म्हणजे किती, हे सांगणारं रजिस्टर कुठल्या साली थांबलं तेवढं तरी सांगा.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. चराच्या बाहेर, पायथ्याच्या उजव्या अंगाला, जिथे पूर्वी उन्हाळ्यात गुरं बसायची, तिथे आता उन्हाळ्यातही जमीन ओली असते. मागच्या पावसाळ्यात धरण भरलं तेव्हा तिथून पाणी वर यायला लागलं, आणि ते पाणी चहासारखं तांबूस होतं. आम्ही ते काचेच्या बाटलीत भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर बारीक माती बसलेली होती. ती बाटली आपल्या ऑफिसात आणून दाखवली. तिची नोंद झाली की नाही माहीत नाही, पण चार-आठ दिवसांत एक ट्रॅक्टर आला, त्या ओल्या जागेवर मुरमाचे ढीग टाकले, पसरवले आणि गेला. पाणी दिसायचं बंद झालं, तक्रार निकाली निघाली.

साहेब, आपल्या खात्यातल्या कोणत्याही जुन्या जाणत्या इंजिनिअरला विचारा, गढूळ पाणी येणारी जागा अशी बुजवायची नसते. पाण्याला बाहेर येऊ द्यायचं असतं आणि मातीला आत अडवायचं असतं, त्यासाठी आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असा उलटा फिल्टर टाकतात. नुसता मुरूम टाकून तोंड दाबलं तर पाणी आत दुसरी वाट शोधतं, आणि ती वाट कुठे निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. माती थोडी थोडी वाहून जाते, पोकळी पायथ्याकडून आत आत सरकत जाते, वरून धरण आहे तसंच दिसतं, रस्ता आहे, गवत आहे, सगळं आहे, आणि एक दिवस माथ्यावर खड्डा पडतो. तेव्हा हातात असतात काही तास. अशा ठिकाणी पाण्याची उंची अजून अर्धा मीटर वाढवायची, म्हणजे त्या पाण्याला आतून ढकलायला अजून जोर द्यायचा.

तिवरे विसरलो का आपण? २ जुलै २०१९ ची रात्र, चिपळूण तालुका. धरण गळतंय म्हणून लोकांनी आधी तक्रारी केल्या होत्या. धरण फुटलं, खालच्या भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. आणि त्यानंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं होतं ते अख्ख्या महाराष्ट्राला आठवतंय. ते धरण तर आमच्या धरणापेक्षा कितीतरी नवीन होतं. खेकडे असोत, उंदीर-घुशी असोत, बाभळीची मुळं असोत, हे सगळं शोधायला आणि काढायलाच तर देखभाल असते. आमच्या भरावाच्या मागच्या उतारावर आज बाभळी उभ्या आहेत, काहींचे बुंधे दोन हातांत मावत नाहीत. अशी झाडं मेल्यावर मुळं कुजतात आणि त्या जागी आयती भोकं तयार होतात. बाभूळ छोटी असताना एका माणसाचं कोयत्याचं काम होतं, आता ते मुळं काढून, खड्डा थराथराने दाबून भरायचं काम झालंय, आणि अजून पाच वर्षांनी काय होईल ते आपणच ठरवा.

दुसरा मुद्दा विमोचकाचा, म्हणजे धरणाच्या पोटातून शहराकडे पाणी सोडायचा जो बोगदा-पाइप आणि दरवाजा आहे त्याचा. यावर कोणी फारसं बोलत नाही पण मला याची भीती जास्त वाटते.

पानशेत का फुटलं? १२ जुलै १९६१ ला पुण्यात पूर आला, वरचं पानशेत आणि खालचं खडकवासला दोन्ही एका दिवसात गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. सुरुवात कुठून झाली ते फार कमी लोक सांगतात. सुरुवात झाली भरावाच्या आतल्या विमोचकापासून, त्याचं काम आणि दरवाजे पूर्ण झालेले नसताना पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं, आणि त्या बोगद्याच्या वरचा भराव खचायला लागला. रात्रभर जवानांनी वाळूच्या गोण्या रचल्या, म्हणून ते अंधारात न फुटता सकाळी फुटलं, नाहीतर माणसं अजून गेली असती. म्हणजे मातीच्या धरणात जिथे माती आणि बांधकाम एकमेकांना टेकतात ती जागा सगळ्यात नाजूक.

आता आमच्या धरणाची गंमत अशी नाही तर अडचण अशी आहे की ते पिण्याच्या पाण्याचं आहे. शेतीचं धरण मे महिन्यात तळाला जातं, तेव्हा आतली बाजू उघडी पडते, दगडी पिचिंग, म्हणजे आतल्या उतारावर बसवलेले दगड, कुठे निसटलंय ते दिसतं, विमोचकाच्या तोंडाशी माणूस जाऊ शकतो. पिण्याचं पाणी मात्र पुढचा पाऊस येईपर्यंत राखून ठेवावं लागतं, त्यामुळे आमच्या धरणाचा खालचा भाग कोणी बघितलेलाच नाहीये, आणि पाइप कधी बंदच होत नाही कारण बंद केला तर शहराचं पाणी तुटतं. ज्या धरणावर सगळ्यात जास्त लोक अवलंबून आहेत तेच धरण आतून सगळ्यात कमी बघितलं जातं, अशी ही परिस्थिती आहे. पाणबुड्यांकडून आणि पाण्याखाली चालणाऱ्या कॅमेऱ्याने हे काम होतं, धरण रिकामं करायची गरज नाही, पण ते कोणीतरी मागवायला हवं ना.

त्यात दोन दरवाजे असतात, एक रोजच्या वापराचा आणि त्याच्या आधी एक आणीबाणीचा. आमचा आणीबाणीचा दरवाजा किती वर्षं हललेला नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहितीय. त्याचा दांडा गंजलाय आणि तळाशी गाळ बसलाय. उद्या रोजचा दरवाजा बिघडला तर पाणी मागून अडवायची दुसरी कुठलीच सोय नाही. तुंगभद्रेचं बघितलंत ना, १० ऑगस्ट २०२४ ला रात्री १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली, दरवाजा वाहून गेला, आणि भरलेल्या धरणातलं पाणी सोडून पातळी खाली आणल्यावरच तिथे तात्पुरत्या फळ्या बसवता आल्या. ते एवढं मोठं धरण, तज्ज्ञ धावून आले, देशभर बातम्या झाल्या. आमच्या इथे कोण धावून येणार?

तिसरा मुद्दा आपल्या निर्णयाचाच, सांडव्यावरच्या भिंतीचा.

सांडवा म्हणजे धरणाचा श्वास घ्यायचा रस्ता. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते कदाचित तग धरेल, मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की विषय संपला. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मच्छू धरणावर नेमकं हेच झालं, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं, सांडव्याला ते पेललं नाही, दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावावरून पाणी गेलं आणि खालचं मोरबी शहर उद्ध्वस्त झालं. माणसं किती गेली याचा नक्की आकडा आजही कोणी सांगू शकत नाही, हजारोंनी गेली.

आमचा सांडवा दरवाजे नसलेला आहे, पातळी वाढली की पाणी आपोआप वरून जातं. आता हिशेब बघा. समजा पुराच्या वेळी सांडव्यावरून दीड मीटर उंचीचं पाणी वाहील असं धरून रचना केलेली आहे. त्यावर अर्धा मीटरची भिंत आली आणि माथा मात्र आहे तिथेच राहिला, तर वाहायला उरला एक मीटर. उंची तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली म्हणून पाणीही तेवढंच कमी जाईल असं वाटतं, पण हे गणित तसं सरळ चालत नाही, वाहून जाणारं पाणी जवळपास ४५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे सांडवा जवळजवळ निम्मा बंद केल्यासारखं आहे. आमच्या सांडव्याचे खरे आकडे वेगळे असतील, तर ते आपण जाहीर करा, आम्ही ते कोणाही इंजिनिअरकडून तपासून घेऊ. पण भिंत वाढवली आणि भरावाचा माथा नाही वाढवला, तर पूर आल्यावर पाणी आणि माथा यांच्यातलं अंतर कमी होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

शिवाय ते दीड मीटर किंवा जे काही असेल ते तरी कुठून आलं? त्या काळी पुराचा अंदाज इंग्लिस वगैरे सूत्रांनी काढायचे, पाणलोट क्षेत्र किती त्यावरून पूर किती. आता मोठ्या धरणांसाठी संभाव्य कमाल पूर किंवा प्रमाणित पूर काढायची पद्धत आहे, पावसाच्या नोंदीही जास्त वर्षांच्या हातात आहेत, आणि पाऊस कसा पडायला लागलाय ते आपण सगळे बघतोय, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत. या धरणाचा पूर नव्याने मोजला का? मोजला असेल तर आकडा सांगा. मोजला नसेल तर सांडव्याला हात लावायचा अधिकार आपल्याला कोणत्या कागदाने दिला? सांडव्याच्या पुढच्या चरात तर झाडं वाढलीत आणि एका बाजूने राडारोडा टाकलाय, तो आधी काढा.

आणि पाणी कमी पडतंय ते का पडतंय, याचा एक भाग गाळ आहे. पन्नास वर्षांत तळाशी गाळ साचून मूळ साठवण कमी झालेली असणार. गाळाचं सर्वेक्षण करा, किती जागा गेली ते कळेल, शहराच्या जुन्या पाइपलाइनमधून किती पाणी वाटेतच गळतंय ते मोजा, कदाचित अर्ध्या मीटरच्या भिंतीएवढं पाणी तिथेच सापडेल. हे काम जास्त किचकट आहे, उद्घाटनाला फोटो येत नाही, पण धरणाला त्याने धोका होत नाही.

चौथा मुद्दा आमचा, खाली राहणाऱ्यांचा. धरण बांधलं तेव्हा खाली शेती होती आणि मोजकी घरं. आज नदीच्या दोन्ही काठांना वस्ती आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. निळी आणि लाल पूररेषा आखल्यात, पण लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, धरण फुटल्यावर पाणी कुठवर येईल त्याची नाही. तो नकाशा वेगळा असतो. आमच्या घरापर्यंत पाणी किती मिनिटांत पोचेल, किती उंच येईल, आम्ही कुठल्या रस्त्याने कुठल्या टेकाडावर जायचं, यातलं काहीही आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. भोंगा नाही. पाणी सोडायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज येतो, तो आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री दोन वाजता कोण वाचून दाखवणार?

वेळ मिळाला तर माणसं वाचतात, याचं उदाहरण लांबचं नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा गळती आहे हे मान्य केलं, खालची गावं रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं. धरण नवीन होतं आणि काम खराब होतं हा भाग वेगळा, त्याची चौकशी व्हायलाच हवी होती, पण माणूस एकही गेला नाही. त्याच्या उलट लिबियातलं डेर्ना. सत्तरच्या दशकातली दोन मातीची धरणं, १९९८ च्या पाहणीत तडे सापडलेले, काम अर्धवट राहिलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत दोन्ही धरणं फुटून हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. अहवाल तिथेही होता. लोकांना तो माहीत नव्हता.

आता कायद्याचं. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालाय. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्यात येतं, आमचंही येतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की धरणाच्या मालकाने स्वतःचं धरण सुरक्षा युनिट ठेवायचं, दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, आणीबाणीचा कृती आराखडा करायचा, आणि स्वतंत्र तज्ज्ञांच्या पॅनेलकडून धरणाचं सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचं. जुन्या धरणांसाठी आराखडा आणि पहिलं मूल्यमापन या दोन्हींना कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे ३० डिसेंबर २०२६. कायद्याखाली दिलेले आदेश विनाकारण पाळले नाहीत आणि त्यामुळे जीव गेले, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. मला कोणालाही कैद झालेली बघायची नाहीये साहेब, मला आमच्या धरणाचं मूल्यमापन झालेलं बघायचंय. ज्या तज्ज्ञांनी धरण तपासायचंय त्यांची वाट न बघता आधीच भिंत बांधून घ्यायची घाई कशासाठी?

आपली दोन उत्तरं मला पाठ झालीत. एक, लोकांमध्ये घबराट पसरेल. घबराट तर आत्ता आहे, कारण आम्हाला काहीच माहीत नाही, जोराचा पाऊस आला की वस्तीतली माणसं आळीपाळीने जागी राहतात. कागद समोर ठेवला तर भीती एक तर कमी होईल, नाहीतर तिला काहीतरी करायला काम मिळेल. दुसरं उत्तर, निधी नाही. खाच साफ करायला, पट्टी बदलायला, बाभळी काढायला आणि एक चौकीदार भरायला किती निधी लागतो? आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी जागतिक बँकेच्या मदतीने धरण पुनर्वसन आणि सुधारणा प्रकल्प, म्हणजे ड्रिप, चालू आहे, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आहे. आमच्या धरणाचा प्रस्ताव त्यात कधी गेला होता का, एवढं तरी सांगा. भिंतीला निधी मिळाला याचा अर्थ निधी मिळू शकतो.

खालच्या कर्मचाऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. आमचा राग त्यांच्यावर नाही. एका शाखा अभियंत्याकडे तीन-तीन ठिकाणचा चार्ज असतो, गाडी नसते, तो बिचारा पाण्याची भांडणं मिटवणार, वसुली करणार की पाझर मोजणार. ही जागा रिकामी ठेवायचा निर्णय त्याचा नाही, म्हणून हे पत्र त्याच्या नावाने नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सांडव्यावरच्या भिंतीचं काम थांबवा. स्वतंत्र तज्ज्ञांचं सर्वंकष मूल्यमापन आणि पुराचा नवा अभ्यास हातात येईपर्यंत त्याला एक वीटसुद्धा लावू नका.

उजव्या अंगाची गळती या पावसाळ्याच्या आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या, टाकलेला मुरूम काढा, योग्य फिल्टर टाका, आणि कारण सापडेपर्यंत यंदा धरण पूर्ण पातळीपर्यंत भरू नका. यासाठी शहराला काही दिवस पाणी कमी मिळालं तर ते का कमी मिळतंय हे शहरातल्या लोकांना उघड सांगा, लोक समजून घेतात. आम्हीही तेच पाणी पितो, आमचीही कपात होईल, ती आम्हाला मान्य आहे.

व्ही खाच दुरुस्त करा, चौकीदाराची जागा भरा, रोजची नोंद पुन्हा सुरू करा, आणि ती नोंद दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पातळी, पाझर, पाणी स्वच्छ की गढूळ, एवढे तीनच रकाने. यात देशाच्या सुरक्षेला धोका होईल असं काही नाही.

आणीबाणीचा दरवाजा चालू करा आणि विमोचकाची आतून कॅमेऱ्याने तपासणी करा. भरावावरची झाडं मुळासकट काढा. सांडव्याचा चर मोकळा करा.

गेल्या पाच वर्षांचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल जाहीर करा. एखादं पान खरंच संवेदनशील असेल तर ते झाका, अख्खी फाइल झाकू नका.

आणीबाणीचा कृती आराखडा मराठीत, नकाशासकट, खालच्या प्रत्येक वस्तीत द्या, भोंगे बसवा, आणि पावसाळ्याआधी एकदा रंगीत तालीम घ्या, त्यात शाळेतली मुलं आणि म्हातारी माणसं धरून. त्या तालमीला आमच्या वस्तीतले जितके लागतील तितके लोक येतील, हे मी सगळ्यांशी बोलून लिहितेय.

आणि प्रसिद्धीपत्रकातली अफवांची ती ओळ मागे घ्या. बाटलीतला गाळ आम्ही बनवलेला नाही.

लोकप्रतिनिधींना वेगळी विनंती, भिंतीच्या भूमिपूजनाची तारीख ठरली असेल तर ती पुढे ढकला आणि त्या दिवशी आमच्याबरोबर धरणाच्या पायथ्याला चला, उजव्या अंगाला, गमबूट घालून या.

या पत्राचं उत्तर आम्हाला लेखी हवंय आणि भिंतीचं काम सुरू व्हायच्या आधी हवंय. ते येईपर्यंत पायथ्याच्या ओल्या जागेवर आमच्यातलं कोणीतरी रोज सकाळी जाणार आहे, फोटो आणि धरणाची पातळी तारखेसकट वहीत लिहिली जाणार आहे, आणि त्या वहीची प्रत दर महिन्याला आपल्या ऑफिसच्या आवक विभागात पोचवून आम्ही पोच घेणार आहोत.

आपली,
धरणाखालच्या वस्तीतली एक रहिवासी
(सोबत वस्तीतल्या लोकांच्या सह्या जोडल्या आहेत)